गोडवा निघेपर्यंत

घड उतरला की ट्रक निंभोऱ्याच्या फाट्याला वळतो
आणि मागे खांब उभे राहतात,
वऱ्हाड गेल्यावर मांडवाच्या दाराशी राहतात तसे.
मग विळा. मग बांध. मग कुजणं.
मृगबाग असो, कांदेबाग असो,
खांबाचं काय होतं, कुणी विचारत नाही.

लीलाधर मास्तर आयटीआयमधून निवृत्त झाले
आणि चिनावलला बंद जिनिंगची शेड त्यांनी भाड्याने घेतली.
म्हणाले, खांबाचा धागा, सिमेंट, पाणी.
दाबायचं. फळी होते.
मी गवंडी. सिमेंट माझ्या नखांत मुरलेलं.
म्हटलं, होईल की. सिमेंट कशालाही धरतं.

नाही धरलं.
पहिली फळी साच्यातून निघाली ती चुरा होऊन.
दुसरी बोटाने खरवडली गेली.
तिसरीवर मी रात्री हात ठेवला : गार.
सिमेंट जमताना तापतं, हे आमच्यात पोरालाही ठाऊक.
ही विहिरीच्या कठड्यासारखी गार.
मी पोतं बदललं, दुकानदाराशी भांडलो,
रेती चाळली, प्रेसचे बोल्ट आवळले.
नवव्या फळीपुढे मास्तरांनी वहीत
नुसती फुली मारली. तारीखसुद्धा लिहिली नाही.

धागा काढायला सायराबी तडवी.
सोपटं सोलून सोलून तिचे हात कोपरापर्यंत काळे;
चिकाचा डाग जात नाही,
तो कपड्याबरोबरच जातो.
भिंतीला टेकवलेल्या फळ्यांपाशी ती उकिडवी बसली.
"मास्तर, तुमच्या फळ्या मुंग्या खाऊन राह्यल्या."
खरंच. खालून वर एक लाल रेघ,
हलणारी.
"मुंगी उगाच येत नाही. आत गोड हाये."

मास्तरांनी चष्मा काढला.
साखर, ते म्हणाले. साखर असली की सिमेंट जमत नाही.
फळ्यावर लिहून दिलंय मी हे. दरवर्षी.
आणि मी?
स्लॅबच्या दिवशी मिक्सर बंद पडला
तर ड्रममध्ये गुळाचा खडा फेकणारा मी,
आत माल दगड होऊ नये म्हणून!
हाताला माहीत असतं,
तोंडापर्यंत यायला त्याला वाट लागते.

मग काहिली आणली. धागा उकळला.
पहिल्या उकळीचं पाणी सायराबीने बोटाने चाखलं.
"अजून."
दुसऱ्यांदा : "अजून."
तिसऱ्यांदा बोट जिभेवर जरा जास्त वेळ राहिलं.
"आता नुसतं पाणी."
त्यानंतर रात्रभर चुन्याच्या निवळीत, पुन्हा धुणं,
आणि मे महिन्याचं रावेरकडचं ऊन,
ज्यात माणूस वाळत घातला
तर दुपारपर्यंत त्याचीही फळी होईल.
थोडा पऱ्हाटीचा भुगा. तो मास्तरांचा हट्ट.

सव्विसावी फळी.
रात्री अकराला हात ठेवला आणि काढलाच नाही.
ऊब होती.
उन्हातून आलेल्या म्हशीच्या पाठीची असते तेवढी.
मी कुणाला उठवलं नाही.

अठ्ठावीस दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवली.
मग टिचकी मारली : टण.
दोन विटांवर आडवी टाकली
आणि मास्तर तिच्यावर उभे राहिले,
चपला काढून.

सायराबी थांबली होती दुसऱ्याच कशासाठी.
एक मुंगी आली. कडेला मिशा लावल्या,
जरा घुटमळली,
वळली.
"पास," मास्तर म्हणाले.
सायराबी काहीच बोलली नाही.

संध्याकाळी हात धुवायला शेडमागे गेलो.
ज्या चरात ती उकळीचं पाणी ओतायची
तिथली माती काळी, चिकट, जिवंत :
गावातल्या सगळ्या मुंग्या तिथे.
आम्ही फळीतून जे काढलं होतं
ते कुठेही गेलं नव्हतं.
माझ्यामागे ती येऊन उभी राहिली, बघत.
"उद्या चर थोडा दूर खणा," म्हणाली,
"माझा डबा तिथंच खुंटीला असतो."